कापलेलं झाकण: ३०० गिगाहर्ट्झच्या होलोग्राममधला नसलेला दोष

फायबरग्लास कापताना सुटणारा वास दोन धुण्यांनंतरही शर्टातून जात नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या मागच्या पत्र्याखाली आम्ही चौघं नाकाला रुमाल लावून उभे होतो. कारखान्याचे शेठ, त्यांचे जुने फोरमन (लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणतात), आमच्याकडे सॉफ्टवेअर बघणारी सहकारी आणि मी. व्हाइसमध्ये ४५० बाय ३०० मिलिमीटरचं, ६ मिलिमीटर जाडीचं फायबरचं झाकण आवळलेलं. त्यावर लाल मार्करने काढलेलं एक वर्तुळ. ते मीच काढलं होतं. आमच्या टेराहर्ट्झ होलोग्राममध्ये (म्हणजे झाकणातून आरपार गेलेल्या मिलिमीटरभर लांबीच्या लाटांवरून संगणकाने उभ्या केलेल्या चित्रात) बरोबर त्या जागी एकात एक दोन कडी दिसली होती, तिसरं कडं कोपऱ्यांत तुटक तुटक. मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो की इथे आत थर सुटलेत.

ग्राइंडर चालू करण्याआधी मामांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि वर्तुळात, वर्तुळाबाहेर, काठावर टकटक करत फिरवलं. सगळीकडे सारखाच भरीव आवाज. "सायेब, हितं काय न्हाय," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, कापा तुम्ही."

कापलं. कडा पाण्याने धुतली, पॉलिश पेपर मारला, भिंगाखाली धरली. काचतंतूंच्या मॅटचे सहा थर एकमेकांत पार मुरलेले. टाचणीचं टोक शिरेल एवढीही फट नाही. शेठ काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ती कडी कुठून आली, ती ओळखायला आम्हाला तीन आठवडे का लागले आणि ती गेल्यावर झाकणांत खरोखर काय दिसलं, ते इथे लिहितो. यंत्राची जाहिरात करण्याचा हेतू नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर ते कळेलच.

काम काय होतं

हा कारखाना केमिकल प्लांटमधल्या उपकरणपेट्यांची झाकणं बनवतो. पद्धत जुनी, हाताची. साच्याला वॅक्स, त्यावर जेलकोट (रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर), जेलकोट चिकटसर झाला की काचतंतूंचं मॅट, त्यावर हार्डनर घातलेलं रेझिन, मग रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. असे थरावर थर. पाणी साचू नये म्हणून झाकणाला मधोमध सहा मिलिमीटरचा उठाव दिलेला असतो. हा उठाव लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोळ घातलाय.

खाडीकाठच्या एका प्लांटमधून काही झाकणं सात-आठ महिन्यांत परत आली होती. जेलकोटखाली वाटाण्याएवढे फोड. टोचले की आंबूस वासाचं पाणी निघायचं. फायबरच्या होड्यांना आणि टाक्यांना हा रोग नवा नाही. ओलावा जेलकोटमधून हळूहळू आत झिरपतो, मॅट जिथे कोरडं राहिलंय किंवा हवेची पोकळी राहिलीय तिथे जमतो, रेझिनमधले न जुळलेले घटक त्यात विरघळतात आणि तो द्राव बाहेरून आणखी पाणी ओढत राहतो. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं, तोच न्याय. शेठचा प्रश्न साधा होता: माल जायच्या आधी, न कापता, कुठल्या झाकणात खोट आहे ते कळेल का?

नाण्याने मोठी पोकळी कळते, लहान नाही. एक्स-रेमध्ये किरणांना आडवी असलेली पातळ फट जवळपास दिसतच नाही, कारण किरणाच्या वाटेतला माल तेवढाच राहतो. अल्ट्रासाउंड चालतं, पण हाताने बसवलेल्या फायबरची मागची बाजू खडबडीत असते, तिथे ध्वनी विखुरतो, आणि प्रत्येक झाकणाला जेल फासायचं म्हणजे मामांनी आम्हाला गेटवरूनच परत पाठवलं असतं. फायबरग्लास टेराहर्ट्झला बऱ्यापैकी पारदर्शक आहे. (कार्बन फायबर अजिबात नाही, तो वीज वाहतो आणि लाट परतवून लावतो.) ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात ३०० गिगाहर्ट्झचा सेटअप मांडलेला होताच. मी हो म्हणालो.

डिटेक्टर नेमकं काय पाहतो

३०० गिगाहर्ट्झ म्हणजे ०.३ टेराहर्ट्झ. लाटेची लांबी जवळपास बरोबर १ मिलिमीटर, त्यामुळे निम्मे हिशेब तोंडी होतात. अडचण डिटेक्टरची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाशाचा एक कण सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन उडवून मोकळा करतो. त्यासाठी १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. ३०० गिगाहर्ट्झच्या कणाकडे असतात १.२४ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे गरजेच्या नऊशेव्या हिश्श्याच्या आसपास. खोलीच्या तापमानाची नुसती धग या कणाच्या वीसपट असते. कॅमेऱ्याचा मार्ग इथे बंद.

मग सेमीकंडक्टरला दुसऱ्या कामाला लावायचं. आमचा डिटेक्टर म्हणजे साध्या सिलिकॉन सीमॉस प्रक्रियेतला (नेहमीच्या चिप बनतात तीच) एक फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर, त्याच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला) जोडलेली चिमुकली अँटेना आणि वर सिलिकॉनचं अर्धगोल भिंग. लाट गेटखालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे वीज वाहते त्या पट्टीत, इलेक्ट्रॉनांची घनता आणि त्यांचा वेग एकाच वेळी हलवते, आणि त्या दोन हालचालींच्या गुणाकारातून एक बारीकसा डीसी व्होल्टेज उरतो. ट्रान्झिस्टर म्हणून तो एवढ्या वेगाने चालू-बंद होऊ शकत नसला तरी हे घडतं. मिखाईल द्याकोनोव्ह आणि मायकेल शूर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की अशा चॅनेलमधले इलेक्ट्रॉन उथळ पाण्याच्या समीकरणांप्रमाणे वागतात, आणि १९९६ मध्ये त्याच कल्पनेवर डिटेक्शनचा सिद्धांत मांडला. मला हे नेहमी ओहोटीच्या वेळच्या ठाण्याच्या खाडीसारखं वाटतं: चिखलावर वीतभर पाणी, आणि लाट दोन हात जाते न जाते तोच विरते. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनमध्ये अगदी असंच होतं, लाट दुसऱ्या टोकाला पोचतच नाही. आपल्याला तिने पोचायला नकोच आहे, तिने मागे ठेवलेला व्होल्टेज पुरतो. गेटवरचा स्थिर व्होल्टेज ट्रान्झिस्टर चालू होण्याच्या उंबरठ्याजवळ ठेवला की तो सर्वात चांगला मिळतो.

सेमीकंडक्टरने अशा लाटा पकडण्याचं मूळ आपल्याकडेच आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जावत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कलकत्त्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या लाटांवर प्रयोग केले. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाच्या त्यांच्या डिटेक्टरला १९०४ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. लांबीत आम्ही त्यांच्या पाचव्या हिश्श्यावर आहोत, एवढंच.

हा व्होल्टेज फक्त तीव्रता सांगतो. लाट किती जोराची, ते कळतं. ती चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची फेज (खांबावरची, गेली की अर्धी सोसायटी अंधारात जाते ती नव्हे), ते कळत नाही. आणि झाकणातल्या जाडीची, पोकळीची सगळी माहिती मुख्यतः फेजमध्येच असते.

यावरची युक्ती म्हणजे होलोग्राम, डेनिस गॅबॉर या शास्त्रज्ञांची, १९४८ सालची. वस्तूतून आलेल्या लाटेत दुसरी, ओळखीची लाट मिसळायची. शिखरावर शिखर आलं की उजेड, शिखरावर दरी आली की अंधार. त्या पट्ट्यांच्या वळणात फेज लपून बसते आणि तीव्रता मोजणाऱ्या डिटेक्टरला आपण काय नोंदवतोय याचा पत्ताही नसतो. गॅबॉर यांच्या सरळ रचनेत खऱ्या प्रतिमेवर तिचं जुळं भूत चढायचं. लीथ आणि उपाटनीक्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखीची लाट तिरकी आणून ते भूत बाजूला काढलं. आमची रचना तीच. एका स्रोताचे दोन भाग, एक भाग झाकणातून, दुसरा आरशावरून ३० अंशांनी तिरका. मागे ४५० मिलिमीटरवर एक्स-वाय टेबलावर फिरणारा एकच डिटेक्टर, २०० बाय २०० मिलिमीटर भागात. मग संगणक ती लाट उलटी चालवत झाकणापर्यंत नेतो. या अंतरावर आणि एवढ्या आकारात सव्वादोन मिलिमीटरपर्यंतचं बारकाईने दिसतं.

३० अंशांना पट्ट्या २ मिलिमीटरला एक पडतात. सुरुवातीला वेळ वाचवायला आम्ही दर १.५ मिलिमीटरला मोजत होतो. एका पट्टीत दोन मोजण्याही नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात नसलेल्या ६ मिलिमीटरच्या पट्ट्या उमटल्या. पाऊल ०.८ वर आणलं. पंधरा मिनिटांचं काम बावन्न मिनिटांवर गेलं आणि तो प्रश्न मिटला. शेठनी विचारलं होतं की एकदम टिपणारा कॅमेरा का घेत नाही. दीड मिलिमीटरच्या पिक्सेलचे टेराहर्ट्झ कॅमेरे मिळतात, पण तिरक्या लाटेला ते याच खड्ड्यात पडतात. लाट कमी तिरकी केली तर चालेल, मग जुळं भूत जवळ सरकतं. फुकट काही मिळत नाही.

पावसावर ढकललेलं खापर

मे महिन्यात कारखान्यातले सपाट तुकडे आणून तपासले होते. मुद्दाम भोक पाडलेले, मधे मॅटचा थर कमी ठेवलेले. सगळं स्वच्छ दिसलं होतं, म्हणूनच मी एवढा फुशारलो होतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, खरी झाकणं टेम्पोतून आली (विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यात टेम्पो तासभर अडकला होता) आणि पहिल्याच झाकणात कडी दिसली. दुसऱ्यात दिसली. तिसऱ्यात पण. एक कापलं, आत काही नाही.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी हवेला दोष देत काढले. टेराहर्ट्झ आणि दमट हवा यांचं हाडवैर आहे हे प्रत्येक पुस्तकात असतं आणि ते खरंही आहे. पाण्याच्या वाफेच्या रेषा ०.५५७, ०.७५२, ०.९८८ टेराहर्ट्झवर भिंतीसारख्या उभ्या असतात. आम्ही सेटअपभोवती प्लॅस्टिकचा तंबू केला. आत सिलिका जेलची पुडकी टांगली. दोन आर्द्रतामापक लावले. आर्द्रता निम्म्यावर आली. कडी होती तिथेच, तेवढीच ठळक.

हिशेब मी आधी करायला हवा होता. ३०० गिगाहर्ट्झला दमट हवेतही लाट किलोमीटरमागे काही डेसिबल एवढीच कमी होते. आमची वाट जेमतेम दीड मीटरची. वाफ तिथे काही करूच शकत नाही. द्रवरूप पाण्याची गोष्ट वेगळी: अर्धा मिलिमीटर पाण्याचा थर लाट जवळजवळ पूर्ण गिळतो, म्हणून ओल्या फडक्याने पुसलेलं झाकण लगेच टेबलावर ठेवायचं नाही. पण पुसलेलं पाणी कड्यांच्या आकारात बसत नाही.

"सर, कडी नेमकी किती लांब आहेत?" असं एका संध्याकाळी सहकारीने विचारलं. मला वाटलं ती कड्यांच्या व्यासाबद्दल विचारतेय. ती विचारत होती ते दुसऱ्या दिशेचं अंतर, डिटेक्टरपासूनचं. होलोग्रामची खरी ताकद तीच आणि मी ती वापरलीच नव्हती. नोंद एकदा झाली की संगणकात लाट कुठल्याही अंतरावर नेऊन थांबवता येते. तिने झाकणाच्या कोपऱ्याला अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लावून नवीन स्कॅन घेतला आणि अंतर शून्यापासून ४५० पर्यंत सरकवत गेली. चिकटपट्टीचे तुकडे सुरुवातीला अंधूक पसरट होते, ४५० जवळ येताच कडा धारदार झाल्या. कड्यांचं उलट. शून्यावर, म्हणजे खुद्द डिटेक्टरच्या पातळीवर, ती सर्वात रेखीव, आणि झाकणाकडे जाताना बाहेरची कडी विस्कटत गेली.

दोष झाकणात असता तर झाकणापाशी स्पष्ट झाला असता. ही दहा मिनिटांची तपासणी ग्राइंडरच्या आधी करायची होती.

पेटी

मग मेमध्ये नसलेली आणि जूनमध्ये आलेली वस्तू शोधायची होती. ती आमच्या नाकासमोर होती. मेमध्ये डिटेक्टरचं सर्किट उघडंच टेबलावर बसवलेलं होतं. पावसाळ्यात गाळ्याच्या भिंतींना ओल येते म्हणून १ जूनला मी स्वतः त्याला अॅल्युमिनियमच्या पेटीत घातलं. समोरची प्लेट १०० मिलिमीटर चौरस, छान घासून चकचकीत केलेली, मधे भिंगापुरतं भोक.

आता लाट कशी हिंडते ते बघा. झाकणातून आलेल्या लाटेचा थोडा भाग भिंगात जातो, उरलेला चकचकीत प्लेटवर आपटून जवळपास पुरता परत फिरतो. झाकणावर जातो. आमच्या फायबरचा अपवर्तनांक २ च्या आसपास येतो, त्यामुळे पृष्ठभाग नवव्या हिश्श्याएवढी शक्ती, म्हणजे लाटेच्या उंचीचा तिसरा हिस्सा, पुन्हा डिटेक्टरकडे परतवतो. मूळ लाट आणि ही येऊन-जाऊन दमलेली लाट एकमेकींत मिसळतात. प्लेट आणि झाकण यांच्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर बदललं की जाण्यायेण्यात एक मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एक लाट, आणि उजेड-अंधाराचं एक चक्र पूर्ण. सपाट तुकड्यात अंतर सगळीकडे सारखं, त्यामुळे पेटी असती तरी कडी उठली नसती. पण झाकणाला उठाव आहे. मधून १०० मिलिमीटर बाजूला गेलं की पृष्ठभाग सव्वा मिलिमीटर मागे जातो. हिशेबाने कडी ६३ आणि ८९ मिलिमीटर त्रिज्येवर पडायला हवीत, तिसरं ११० वर, म्हणजे २०० च्या चौकोनात फक्त कोपऱ्यांत. पट्टी लावून मोजलं. कडी तिथेच होती. शाळेत भिंग आणि काच घेऊन न्यूटनची कडी पाहतात, तीच, फक्त ताटाएवढी मोठी.

एक खात्री उरली होती. डिटेक्टर पाव मिलिमीटर मागे सरकवला. जिथे उजेड होता तिथे अंधार आला, अंधार होता तिथे उजेड. झाकणातला दोष असा रंग पालटत नाही.

पावसापासून वाचवायला केलेल्या पेटीनेच कडी आणली होती. म्हणजे पावसाचा संबंध होता म्हणा, मी शोधत होतो तसा नव्हता.

इलाज स्वस्त निघाला. आयसी (चिप) ज्यात खोचून येतात तो काळा, कार्बनभरला फोम प्लेटवर चिकटवला, भिंगापुरता कापून. शिवाय प्रत्येक स्कॅन दोनदा, पाव मिलिमीटरच्या अंतराने, आणि दोन्हींची सरासरी, म्हणजे भिंगावरून परतणारा उरलासुरला भागही बराचसा कटतो. वेळ दुप्पट. त्या आठवड्यात एसी बंद-चालू झाल्यावर फेज तिरकी घसरते हेही कळलं: अर्ध्या मीटरची अॅल्युमिनियमची चौकट ५ अंशांनी तापली की सुमारे ५७ मायक्रोमीटर वाढते, आणि १ मिलिमीटरच्या लाटेला ती वीस अंशांची फेज झाली. म्हणून आता डिटेक्टर प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी एका ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन हजेरी लावतो आणि तेवढी घसरण वजा होते.

विचारलं एक, दिसलं दुसरं

कडी गेली. मग कापलेल्या झाकणाच्या वेळी मी आणखी एक चूक केली होती ती लक्षात आली, आणि ही जास्त लाजिरवाणी. समजा थर खरोखर सुटले असते, मधे ०.१ मिलिमीटर हवेची फट असती. आरपार जाणाऱ्या लाटेच्या वाटेत रेझिन आणि काच तेवढीच राहते, झाकण फक्त केसभर फुगतं. फेज जवळजवळ गप्प बसते. तीव्रता फटीच्या दोन्ही पृष्ठभागांवरच्या परावर्तनामुळे सुमारे सोळा टक्क्यांनी घटते. पेटीमुळे येणारी कडी त्याच्या कित्येक पट ठळक होती. म्हणजे खरा दोष असता तर तो त्या कड्यांखाली बुडून गेला असता आणि मी तरीही कड्यांकडेच बोट दाखवलं असतं. आरपार पाहणाऱ्या आमच्या रचनेने सुटलेले थर शोधायचं आश्वासन द्यायलाच नको होतं. त्याला परतणारी लाट मोजणारी रचना हवी.

फेज बोलते ती माल कमी-जास्त असेल तेव्हा. जाडीत ०.१ मिलिमीटरचा फरक म्हणजे ३६ अंश. उठावाचा तिला फारसा फरक पडत नाही, जाडी सारखी असली म्हणजे झालं. मिलिमीटरभर फरक झाला की ३६० अंश पूर्ण होऊन आकडा पुन्हा शून्यावर येतो, म्हणून दुसरा स्कॅन २९० गिगाहर्ट्झवर घेतला. दोन्हींतला फरक ३० मिलिमीटरच्या लाटेसारखा वागतो आणि घोटाळा सुटतो.

परत आलेली चार आणि गोदामातली आठ झाकणं अशी तपासली. परत आलेल्यांत पाण्याने भरलेले फोड काळे ठिपके होऊन उठून दिसले. त्यासाठी टेराहर्ट्झ कशाला, ते डोळ्यांनीही दिसत होते. पण फेजच्या नकाशात ते सगळे एका लांबट पट्ट्यात पडले होते, काठाला लागून, आणि त्या पट्ट्यात लाट कमी उशिराने पोचत होती. म्हणजे तिथे थर तरी पातळ होता, नाहीतर मॅट कोरडं राहून मधे हवा होती. या दोहोंत फेज फरक करू शकत नाही. गोदामातल्या आठांपैकी तीन झाकणांत तसाच पट्टा होता. फोड अजून एकही नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रंगीत प्रिंट घेऊन रबाळ्याला गेलो. शेठनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हे पण तुमच्या पेटीचंच नाही ना?" रास्त प्रश्न होता. सहकारीने दोन्ही अंतरांचे प्रिंट पुढे ठेवले आणि चिकटपट्टीची परीक्षा समजावली.

मामा तेवढ्यात एकेक झाकण उलटं करून मागच्या कोपऱ्यात बोट फिरवत होते. साच्यात कोरलेला आकडा तिथे उमटतो, फायबरच्या खरबरीत केसांत सहज दिसत नाही. त्यांचा साचा नऊ झाकणांचा, तीन ओळी, तीन रांगा. त्यांनी प्रिंट जमिनीवर त्या क्रमाने मांडले. पट्टेवाली सगळी झाकणं ७, ८ आणि ९ नंबरची. मागची रांग.

"अवं, साचा भितीला लागून हाय," मामा उकिडवे बसूनच म्हणाले. "म्होरनं रोलर मारायचा. तिकडं हात कुटं पोचतोय? पोरं नुसता फिरवल्यासारखा करत्यात." मग त्यांनी हात लांब करून दाखवला. साचा खोलीला साडेचार फूट. मधल्या रांगेच्या शेवटापर्यंत हात वजन देऊन चालतो, पुढे रोलर फक्त टेकतो.

९ नंबरच्या एका झाकणाचा काठ कापला. या वेळी कुणी वर्तुळ काढलं नाही. कडेला पांढरे, कोरडे तंतू दिसत होते, नखाने उचकटता येतील असे.

साचा त्याच संध्याकाळी सहा जणांनी लावून भिंतीपासून चार फूट पुढे ओढला. शेठनी आमचं यंत्र घेतलं नाही आणि मीही आग्रह केला नाही. एका झाकणामागे चार स्कॅन म्हणजे साडेतीन तास, कोणता कारखाना थांबेल? कुठे पाहायचं ते कळल्यावर त्यांना साधं जाडीमापक पुरलं: एका बाजूला लोखंडाची गोळी, दुसऱ्या बाजूला चुंबकी प्रोब, आत चुंबकाचा जोर मोजणारा हॉल सेन्सर, तोही सेमीकंडक्टरच. मामा आता मागच्या रांगेच्या काठावर पाच ठिकाणी प्रोब टेकवतात आणि आकडे वहीत लिहितात. आमचं बिल ऑगस्टमध्ये मिळालं, कापलेल्या पहिल्या झाकणाची किंमत वजा करून.